चौथा दोर

जालना रोडवरच्या त्या दहा मजली इमारतीच्या गच्चीवर युसूफ आणि काकासाहेब तीन आठवड्यांनी पुन्हा कामाला चढले, तेव्हा सकाळचं ऊनही पाठीला चटके देत होतं. मे महिना सरत आला होता. पश्चिमेकडच्या काही काचा तडकल्या म्हणून मालकांनी काम मध्येच थांबवलं होतं. त्या आता बदलून झाल्या होत्या आणि राहिलेली बाजू पुसून द्यायची होती. दोर, कमरेचे पट्टे, हुक, बादल्या, वायपर, सगळं सामान दोघांनी इथंच गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत ठेवलेलं होतं. एवढं ओझं रोज खाली कोण नेणार आणि वर कोण आणणार.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून दोराला लटकून पुसायच्या, हा दोघांचा धंदा. वीसेक वर्षं झाली असतील. युसूफ शहागंजचा, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. काकासाहेब दौलताबादच्या शिवारातला, घरी पेरूची बाग आणि एक विहीर. एका ठेकेदाराकडं दोघं एकाच महिन्यात कामाला लागले. ठेकेदार धंदा सोडून पुण्याला निघून गेला, हे दोघं मात्र जोडीनं राहिले. एकानं खाली लटकायचं, दुसऱ्यानं गच्चीवर दोरापाशी थांबायचं, जेवणानंतर अदलाबदल. कोण कधी वर आणि कोण खाली यावरून त्यांच्यात कधी तक्रार झाली नव्हती.

सामानाच्या बाबतीत युसूफ फार कडक होता. माणसाचा दोर तो माणसाचाच, त्याला बादली बांधायची नाही, टेम्पो ओढायचा नाही, कुणाला उसना द्यायचा नाही. दोराला एकदा मोठा हिसका बसला, की तो कितीही नवा दिसो, युसूफ कापून टाकायचा. रोज काम सुरू करण्याआधी तो डोळे मिटून सगळा दोर बोटांतून सोडायचा. कुठं गाठ, कुठं पोकळपणा, कुठं धागा उसवलेला, ते बोटांना कळतं असं त्याचं म्हणणं. काकासाहेब त्याला हसायचा. "युसूफभाई, नाडी बघतो व्हय रं त्याची, वैद्यावानी?" असं विचारायचा. पण युसूफनं बघितलेल्या दोरावर तो डोळे झाकून उतरायचा.

त्या सोमवारी खोलीचं दार उघडलं आणि युसूफच्या नाकाला एक वास आला. आंबट, पितळेची भांडी चिंचेनं घासल्यावर येतो तसा. खोलीत उंदीर मेला असेल असं त्याला आधी वाटलं, पण वास तसा नव्हता. फरशी धुतलेली दिसत होती. भिंतीच्या कडेला तेवढी पांढरट पापडी धरली होती.

काकासाहेब कमरेला पट्टा आवळत कठड्याकडं गेलासुद्धा. आज पहिली पाळी त्याची होती. युसूफनं पिशवीतून दोन दोर बाहेर ओढले, एक कामाचा आणि एक जिवाचा. कामाचा दोर दगा देईल तेव्हा जिवाच्या दोरानं धरायचं, असा हिशोब. दोन्ही पांढरे, नायलॉनचे, निळा धागा विणलेले. गेल्या दिवाळीनंतर घेतलेले होते. त्यानं डोळे मिटून ते बोटांतून सोडले. कुठं काही लागलं नाही. हाताला मऊ, भरीव, चांगले.

मग लोखंडी हुक पुसावेत म्हणून त्यानं पिशवीच्या तळातलं सुती फडकं ओढलं. ते हातात आलं, पण अर्धंच. उरलेलं पिशवीत राहिलं. त्यानं हातातला तुकडा दोन बोटांनी चोळला, तर त्याचा भुगा झाला. जळलेल्या कागदाचा होतो तसा. फडकं जळालेलं नव्हतं, रंगही गेला नव्हता. नुसता जीव गेला होता त्यातला.

युसूफ तो भुगा बघत उभा राहिला. बोटांची टोकं हळूहळू चुणचुणायला लागली होती.

"काकासाहेब," तो म्हणाला, "पट्टा काढ."

"का रं?"

"काढ म्हणतो ना. कठड्यापासून मागं ये आधी."

काकासाहेब मागं आला. त्यानं फडकं बघितलं, दोर उचलून बघितला, दोन्ही हातांनी ताणून बघितला. "फडकं सडलं असंल. दोराला काय झालंय? नवाकोरा दिसतो की."

"दिसतो खरा," युसूफ म्हणाला.

काचा बदलणाऱ्यांनी वाळूची पोती तिथंच टाकली होती. दोघांनी दोन पोती एकाला एक बांधली, पाण्याच्या टाकीखालच्या आडव्या लोखंडी खांबावरून दोर टाकला आणि पोती जमिनीपासून हातभर वर ओढली. दोरानं धरलं. काकासाहेबानं युसूफकडं बघितलं, बघ म्हटलं नव्हतं का, अशा नजरेनं. युसूफनं पोती उतरवली, दोर पुढं सरकवला आणि पिशवीच्या तळाशी असलेला भाग खांबावर घेतला. पुन्हा ओढलं. पोती अजून नीट उचललीही गेली नव्हती, तोच दोर तुटला.

चांगला दोर तुटताना आवाज करतो. आधी आतले धागे कुरकुरतात, मग एकेक पदर सुटतो, माणसाला थोडा तरी वेळ देतो. इथं काहीच झालं नाही. समईतली जुनी वात तुटावी तसा तो सुटला आणि पोती फरशीवर बसली. युसूफनं जिवाचा दोर घेतला. तोही त्याच जागी तसाच तुटला.

खाली जालना रोडवरून गाड्या जात होत्या. काकासाहेबाच्या कमरेचा पट्टा अजून अर्धा सुटलेला, अर्धा लटकत होता. कठड्यापलीकडं दहा मजले होते, आणि दोन दोर घेऊन तो तिथं उतरणार होता. दोन्ही एका फरशीवर झोपलेले.

इमारतीची देखभाल बघणारा रामकिसन आवाज ऐकून वर आला. "काय पडलं?"

"रामकिसनभाऊ, या खोलीत काय ठेवलं होतं?" युसूफनं विचारलं.

"हितं? बॅटऱ्या होत्या की. खाली इन्व्हर्टरच्या खोलीचं रंगकाम चाललं होतं, तवर वर ठेवल्या होत्या आठ-दहा रोज. एक कलंडली होती, पाणी सांडलं त्यातलं. पण आम्ही लगेच धुऊन घेतलं बगा. तुमच्या पिशव्या उचलून पुन्हा जागेवर ठेवल्या." रामकिसन खरोखर काळजीनं बोलत होता. "का, भिजलं का सामान?"

युसूफनं मान हलवली. बॅटरीतलं पाणी म्हणजे तेजाब, ॲसिड. ते पिशव्यांच्या तळाला मुरलं होतं, आणि वरून पाणी मारल्यानं आणखी पसरलं होतं. सुताला खाल्लं ते दिसलं. नायलॉनला खातं तेव्हा डाग नाही, भोक नाही, काही नाही. वीस वर्षं ज्या बोटांवर त्यानं विश्वास ठेवला, त्या बोटांना काही कळलं नव्हतं. फडकं आधी काढलं नसतं तर? तो विचार त्यानं तिथंच सोडला.

"सगळे दोर बाहेर काढू," तो म्हणाला. "एकही ठेवायचा नाही. आजच कापून टाकू."

दुसरी पिशवी त्यानं उलटी केली. तिच्यात दोनच्या जागी एकच दोर होता.

"चौथा कुठंय?"

रामकिसन काकासाहेबाकडं बघायला लागला. काकासाहेब टाकीच्या सावलीला भिंत धरून खाली बसला होता.

"शनिवारी नेला मी," तो म्हणाला. "विहिरीतला गाळ काढायचाय. मोटार बुजली गाळानं. गाळ उपसायची यारी आणायची तर यारीवाला चार-पाच रोज थांबा म्हणत होता. विश्वजीतनं वाळूजच्या कंपनीतून आठवड्याची सुट्टी काढली, म्हणला मीच उतरतो." तो थांबला. "पोरगं उतरणार, म्हणून चांगल्यातला चांगला दोर बघून नेला."

"मला सांगितलं नाहीस."

"तू दिला नसता."

युसूफनं तो खरंच दिला नसता.

"कधी उतरणार आहे?"

"आज. सकाळच्या गारव्यात."

काकासाहेबाच्या हातून फोन लागेना. युसूफनं त्याच्याकडून फोन घेऊन विश्वजीतला लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. विहिरीच्या काठावर शर्टाच्या खिशात फोन वाजतोय आणि कुणाचं लक्ष नाही, हे चित्र दोघांच्याही डोळ्यांपुढं एकदमच आलं असावं. मग घरचा नंबर लावला. द्वारकाबाईनं, काकासाहेबाच्या बायकोनं, उचलला.

"वहिनी, युसूफ बोलतोय. विश्वजीत कुठंय?"

"मळ्यात गेलाय की उजाडताच. सांडूभाऊ हाये, शेजारचे दोघं हायेत. मी भाकरी घेऊन निघालेच बगा. का ओ भाऊ?"

"भाकरी राहू द्या. पळत जा. त्याला म्हणावं त्या पांढऱ्या दोराला हात लावू नको. खाली असेल तर खालीच थांब. वर असेल तर उतरू नको."

"काय झालं ओ? हे कुठं हायेत?"

"हा इथंच आहे, माझ्याजवळ. आम्ही निघालो. वहिनी, तुम्ही पळा आधी."

फोन बंद न करताच ती निघाली असावी. चपलांचा आवाज आणि तिचा श्वास थोडा वेळ ऐकू येत राहिला, मग फोन कुठंतरी पडला.

मोटरसायकल युसूफनं चालवली. काकासाहेब मागं बसून एकसारखा विश्वजीतचा नंबर लावत होता. क्रांती चौकात सिग्नल, बाबा पेट्रोल पंपाशी सिग्नल, छावणीत लष्कराच्या गाड्यांची रांग. सोमवार असल्यानं वेरूळला दर्शनाला निघालेल्या जीपगाड्यांनी पडेगावचा रस्ता भरून गेला होता. युसूफ मिळेल त्या फटीतून गाडी काढत होता. मागून कुणीतरी शिवी दिली, ती त्यानं ऐकून सोडून दिली.

"उचलत नाय," काकासाहेब मागून म्हणायचा. थोड्या वेळानं पुन्हा, "उचलत नाय रं."

मिटमिट्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला आणि समोर किल्ल्याचा डोंगर दिसायला लागला. युसूफच्या डोक्यात दोराचाच हिशोब चालला होता. सगळा दोर खराब झाला नसेल. पिशवीच्या तळाशी जेवढे वेढे होते तेवढेच. म्हणजे कुठंतरी मधेच दहा-बारा हात असतील, किंवा दोन जागी असतील. खाली सोडताना कदाचित चांगला भाग आला असेल कप्पीवर. वर ओढताना दुसरा येईल. तो कुठला, ते काठावरच्या कुणालाही दिसणार नाही. त्याला स्वतःलाही दिसणार नाही. दोराला जाऊन हात लावला तरी कळणार नाही.

"आपण थांबायला पाहिजे होतं," काकासाहेब म्हणाला. "यारीसाठी. चार रोज काय जास्त होते?"

युसूफनं गाडीचा वेग वाढवला.

गावाच्या अलीकडंच मळ्याचा कच्चा रस्ता फुटतो. पेरूच्या झाडांमधून गाडी उडत गेली. लांबूनच विहिरीपाशी माणसं दिसली आणि युसूफला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. कारण ती माणसं हलत नव्हती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी धावत नव्हतं. कडुलिंबाच्या झाडाला पाय टेकवून सांडू आणि एकजण दोर धरून मागं कललेले होते. तिसरा काठावर पालथा पडून आत बघत होता. द्वारकाबाई विहिरीच्या कडेला बसली होती, पदर खाली, केस सुटलेले, दोन्ही हात जमिनीवर टेकून.

"वढू नका म्हणले मी," त्यांना बघून ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मी आले तवा वढीतच होते. अर्ध्यात आला होता. म्हणून थांबवलं. आता सोडता बी येईना आन् वढता बी येईना."

युसूफ काठावर गेला आणि आत वाकला. विहीर खोल होती. वरचा भाग दगडानं बांधलेला, त्याखाली नुसता खडक. जिथं बांधकाम संपून खडक लागतो तिथं विश्वजीत लटकत होता. दोर काखेखालून बांधलेला. एका पायाचा चवडा त्यानं खडकाच्या कपारीत रोवला होता आणि एका हातानं दगडाची कड धरली होती. सगळं अंग चिखलानं माखलेलं. खाली, खूप खाली, काळं पाणी आणि गाळातून वर आलेला मोटारीचा पाइप.

"चाचा," विश्वजीत वर बघून म्हणाला. घाबरलेला नव्हता, दमलेला होता. "काय झालंय नेमकं? आई काय सांगती मला कळंना. दोर तर चांगला हाये."

"चांगला नाही तो," युसूफ म्हणाला. आवाज शक्य तेवढा शांत ठेवून म्हणाला. "ऐक. जितकं वजन पायावर घेता येईल तितकं घे. दोरावर झोका बसू देऊ नको. आता बोलू पण नको."

मागं वळून तो सांडूला म्हणाला, "सांडूभाऊ, सोडू नका, ओढू नका. आहे असं धरा. दुसरा दोर कुठंय? कुठलाही. साखळी, काहीही."

दुसरा दोर म्हणून जे होतं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होतं. कडबा बांधायचा नाडा. काकासाहेब तो ओढत घेऊन आला. काथ्याचा, जाड, उन्हापावसानं काळा पडलेला. दोन-तीन जागी पीळ उसवून कुसं बाहेर आली होती. शहरात असला नाडा युसूफनं कचऱ्याच्या डब्यातही टाकू दिला नसता, कुणी उचलून वापरेल म्हणून. पण त्यानं तो हातात घेतला आणि त्याला जरा धीर आला. हा दोर काही लपवत नव्हता. जिथं विरला होता तिथं विरलेला दिसत होता. तेवढा भाग त्यानं कोयत्यानं तोडून टाकला, राहिलेला दुहेरी केला, लिंबाच्या बुंध्याला वेढा देऊन गाठ मारली, आणि स्वतः सगळं अंग टाकून दोनदा ओढून बघितला. धरला.

टोकाला मोठा फास करून त्यानं तो हळूहळू आत सोडला. फास खडकाला घासत खाली गेला, विश्वजीतच्या डोक्यापर्यंत.

"मोकळा हात आहे तो आधी घाल फासात. नंतर डोकं. सावकाश. दुसरा हात सगळ्यात शेवटी."

विश्वजीतनं उजवा हात घातला. डोकं घातलं. नाडा मानेमागून काखेत बसला. आता दुसरा हात, दगडाची कड धरलेला. तो सोडल्याशिवाय फासात जाणार नव्हता, आणि तो सोडला की वजन पांढऱ्या दोरावर जाणार होतं. कितीही सावकाश केलं तरी जाणारच होतं. युसूफला ते दिसत होतं. विश्वजीतलाही आता कळलं असावं, कारण त्यानं एकदा वर बघितलं, आईकडं नाही, बापाकडं नाही, युसूफकडं.

"नाडा ताणून धर," युसूफ काकासाहेबाला म्हणाला. "ढील ठेवू नको अजिबात."

विश्वजीतनं हात सोडला.

पांढरा दोर कप्पीपासून थोडा खाली तुटला. सांडू आणि त्याचा सोबती एकदम मागं कोसळले, तेव्हाच वरच्यांना कळलं, नाहीतर आवाज असा काही आलाच नव्हता. विश्वजीत हातभर खाली गेला आणि एका काखेवर नाड्यात अडकला. त्याचं अंग गरकन फिरलं आणि डावा खांदा, जबडा खडकावर आपटला. तो ओरडला नाही. खांदा निखळताना तोंडातून हवा गेली तेवढीच. नाडा लिंबाच्या सालीत रुतला, कुरकुरला, आणि टिकला.

मग सगळ्यांनी मिळून ओढलं. काकासाहेबाच्या तळहातांची सालं गेली, ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. विश्वजीत काठावर आला तेव्हा बेशुद्ध होता. जबडा मोडलेला, डावा हात भलत्याच बाजूला वळलेला. द्वारकाबाईनं त्याच्या नाकापुढं आपला गाल धरला आणि मग पहिल्यांदा रडली.

ट्रॉलीत गादी टाकून त्याला रस्त्यावर आणलं, तिथून जीपमधून घाटीच्या सरकारी दवाखान्यात. तो वाचला. खांद्याचं ऑपरेशन झालं, जबड्याला तारा बांधल्या. डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही. कंपनीतल्या मशीनवर दोन्ही हात वर करून काम असतं, ते सुटलं. साहेबांनी स्टोअरमध्ये बसवलं आहे. तो कुणाला दोष देत नाही. बापाशी पहिल्यासारखाच बोलतो. काकासाहेबाला त्याचाच जास्त त्रास होतो.

युसूफनं ते चारही दोर कापले. वीतभराचे तुकडे केले, म्हणजे कुणाला शेळीही बांधता येऊ नये. रामकिसन शेजारी उभा राहून बघत होता. "एवढा पांढराशिप्पट दोर," तो हळहळून म्हणाला, "दिसायला काय बी नाय वो त्याला." युसूफ कापत राहिला. रामकिसनवर त्याला राग आला नव्हता. त्यानं पिशव्या नीट उचलून जागेवर ठेवल्या होत्या. चुकीचं कुणीच काही केलं नव्हतं, आणि युसूफला झोप लागू देत नव्हतं ते हेच.

काकासाहेब पावसाळाभर कामावर आला नाही. युसूफ मध्येमध्ये दौलताबादला जाऊन यायचा. द्वारकाबाई चहा द्यायची, विश्वजीतची चौकशी व्हायची, बागेचं बोलणं व्हायचं. दोराचा विषय कुणी काढायचं नाही. एकदाच, युसूफ निघताना, काकासाहेब गाडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "तू तवा एक शब्द बोलला नाय मला. बोलायला पायजे होतं."

"काय बोलणार होतो?"

"काय बी. शिव्या द्यायच्या."

"वेळ नव्हता," युसूफ म्हणाला.

"आता हाये की."

युसूफनं गाडीला किक मारली. त्याला शिव्या सापडल्या नाहीत. त्याला जे सांगायचं होतं ते असं होतं, की शनिवारी तू दोर नेलास आणि रविवारी माझ्या घरी येऊन जेवलास, आणि सोमवारी माझ्याबरोबर गच्चीवर चढलास, आणि तीन दिवसांत तुझ्या तोंडावर मला काही दिसलं नाही. पण हे सांगून काय होणार होतं, ते त्याला कळेना. तो निघून आला.

दसऱ्यानंतर दोघांनी पुन्हा काम धरलं. दुसऱ्या कुणाबरोबर काम करणं दोघांनाही माहीत नव्हतं. नवे दोर आले. युसूफनं ते घरी पलंगाखाली ठेवले, बायको रुक्सार कुरकुरली तरी. रोज सकाळी तो आता दोर बोटांतून सोडतो, मग पोत्याला बांधून ओढतो, मग पुन्हा बोटांतून सोडतो. काकासाहेब शेजारी उभा असतो. नाडीची थट्टा करत नाही.

पहिल्या दिवशी पहिली पाळी युसूफनं घेतली. बीड बायपासला नव्या हॉटेलची इमारत होती, काच निळसर, धुळीनं माखलेली. त्यानं पट्टा आवळला, दोन्ही दोर अडकवले, कठडा ओलांडला आणि मागं कलला. दोरानं वजन घेतलं. वरून काकासाहेबाचा आवाज आला, "जा निवांत. मी हाये हितं."

युसूफ खाली सरकला. काचेवर पाणी मारलं, वायपर फिरवला, फेसाचा पट्टा खाली गेला आणि स्वच्छ काचेत त्याचं तोंड दिसलं. त्यामागं आभाळ. दुसरा पट्टा ओढता ओढता त्याचा हात थांबला. त्यानं वर बघितलं. कठड्यावर काकासाहेबाचं डोकं होतं, उन्हात काळं दिसणारं, खाली वाकलेलं. ठीक आहे, म्हणून त्यानं हात केला. वरून हात आला.

युसूफनं पुन्हा काच पुसायला घेतली. जरा वेळानं त्यानं पुन्हा वर बघितलं. काच लांबरुंद होती आणि दुपारपर्यंत संपवायची होती, पण प्रत्येक पट्ट्यानंतर त्याची मान आपोआप वर जात होती, आणि प्रत्येक वेळी ते डोकं तिथं असायचं, आणि तरीही त्याला पुन्हा बघावं लागायचं.